नट आवळला की चाक जाम! जुन्या बाईकच्या मागच्या चाकाचा माझा अनुभव

इंजिन, टाकी, वायरिंग सगळं झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डोकं फिरवलं ते मागच्या चाकाने. गाडी माझ्याकडे आली तीच सुट्या भागांत, आणि एक्सलचं (चाकाच्या मधून जाणारा दांडा) सामान म्हणजे एका पिशवीत स्पेसर (अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या), वॉशर, नट सगळं एकत्र, गंजलेलं. पार्ट्सबुकात चित्र आहे पण त्यात सगळे स्पेसर सारखेच दिसतात, डावा कुठला, उजवा कुठला काही कळत नाही. आधी ज्याने गाडी खोलली त्याने एक फोटो काढून ठेवला असता तर... जाऊ दे.

जुळवलं एकदाचं. नट हाताने लावला तोवर चाक मस्त फिरतंय, पान्याने आवळला की जाम, ढिला केला की परत फिरतंय. ज्याला विचारावं तो म्हणतो "थोडा ढिला ठेव ना, काय होतंय". अरे मागचं चाक आहे ते! नट ढिला राहिला तर चेनच्या ओढीने एक्सल सरकतो आणि चाक तिरकं होतं. हा सल्ला देणाऱ्यांवर माझा अजून राग आहे.

भानगड निघाली हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत. दोन बेअरिंगच्या मधे एक नळी असते. एक्सल आवळला की स्पेसर, बेअरिंगची आतली रिंग, नळी, पलीकडची आतली रिंग, परत स्पेसर अशी अख्खी रांग दोन्हीकडून घट्ट दाबली जाते आणि बाहेरच्या रिंगा चाकाबरोबर फिरतात. नळी आखूड असली की आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, छर्‍यांवर आडवा दाब येतो, चाक अडकतं. माझी नळी कुणीतरी घासून लहान केलेली, वर एक टोक तिरपं. दोन्ही बेअरिंग पूर्ण बसल्यावर नळी आत खुळखुळत असेल तर ती आखूड आहे समजा. मी व्हर्नियरने (बारीक माप घ्यायची पट्टी) हबमधल्या दोन्ही बेअरिंगच्या खाचांमधलं अंतर घेतलं आणि त्यापेक्षा केसभर लांब नळी लेथवर करून घेतली, टोकं अगदी काटकोनात. बेअरिंग ठोकताना बाहेरच्याच रिंगवर ठोकायचं, एक तळापर्यंत, दुसरं नळीला टेकेपर्यंतच.

मग नट पूर्ण आवळला, चाकाला टिचकी मारली आणि ते फिरतच राहिलं. नंतर कितीतरी वेळ मी ते उगाचच फिरवत बसलो होतो.

हो, नटावरून आठवलं, बर्‍याच जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या एक्सलवर इंचाला 26 आटे असतात, मेट्रिक नट थोडा जातो आणि अडकतो, तिथे जोर लावलात तर एक्सलचे आटे गेलेच. बाहेरच्या स्पेसरवर ऑइल सीलने (तेल-ग्रीस अडवणारी रबरी रिंग) खाच पाडली असेल तर तो बदला. चेन सरळ रेषेत चालावी म्हणून स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा फाटा) खुणांवर विसंबू नका, पिव्होटपासून (तो फाटा जिथे फ्रेमला जोडलेला असतो) एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. नट शेवटचा आवळताना ब्रेक दाबून धरा म्हणजे ब्रेक प्लेट (ब्रेकचे शू जिच्यावर बसवलेले असतात ती) मधोमध बसते. आणि टॉर्क आर्मचा (ब्रेक प्लेटला फिरू न देणारी पट्टी) बोल्ट, हा खरं तर पहिल्यांदा सांगायला हवा होता, तो सुटला तर ब्रेक मारल्यावर अख्खी प्लेट फिरते आणि ब्रेकचा रॉड घेऊन जाते, तिथे जुनी वाकवलेली स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) परत वापरू नका, नवीनच घाला.