खिशातला चाकू

महागडा फोल्डिंग चाकू घेतला की तो सगळ्यात आधी काय कापतो, तर आपलाच खिसा, आणि हे मी फक्त किमतीबद्दल म्हणत नाहीये. टायटॅनियमच्या मुठीला बारीक खरखरीत फिनिश असतं, वरून खिशाच्या कडेला अडकवायची घट्ट क्लिप, आणि कारण असो नसो दिवसभर आत-बाहेर चालूच, मग जीन्सच्या उजव्या खिशाची कड विरायला लागते, आधी निळा रंग जातो, मग पांढरे दोरे निघतात. असा खिसा दिसला की समजायचं हा माणूस आपल्यातला.

क्लिपचं हे वेड तसं अमेरिकेतलं. 1981 साली कोलोराडोतल्या स्पायडर्को कंपनीने मुठीला क्लिप आणि पात्यात गोल भोक असलेला चाकू काढला, म्हणजे खिशाच्या तळाशी किल्ल्या-सुट्ट्या पैशांत शोधाशोध नको आणि एका अंगठ्याने उघडायचा. मग ख्रिस रीव, हा मूळचा दक्षिण आफ्रिकेतला, 1989 साली आयडाहोमधल्या बॉइझीला जाऊन राहिला आणि त्याने सेबेन्झा नावाचा चाकू काढला. त्यातली गंमत अशी की लॉकसाठी वेगळा पार्टच नाही, मुठीच्या एका बाजूची टायटॅनियमची पट्टीच उभी चिरून तिची स्प्रिंग केलीये, पातं उघडलं की ती पट्टी आत सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. आता जगभर ह्याच पद्धतीचे चाकू निघतात, फ्रेम लॉक म्हणतात त्याला. छोटा सेबेन्झासुद्धा काही शे डॉलरला जातो. माझ्याकडचा त्याच जातकुळीतला आहे, कुठल्या कंपनीचा ते राहू दे, कारण पुढे थोडी निंदा करायची आहे.

तर पहिली निंदा म्हणजे एवढे पैसे देऊन हाताला आराम मिळत नाही. चाकू खिशात बरा वाटावा म्हणून तो सपाट आणि पातळ करतात आणि हाताला नेमकं उलटं हवं असतं, गोल आणि भरीव. लिफाफा फोडायला काही वाटत नाही, पण नवीन वॉशिंग मशीनचा खोका नीट तुकडे करून रद्दीत घालायचा म्हटलं की दहा मिनिटांत ती क्लिप बरोब्बर बोटांच्या पेरांखाली टोचते आणि लॉकच्या पट्टीची कड हाताला वळ काढते. एक आहे, टायटॅनियममधून उष्णता फार हळू वाहते त्यामुळे थंडीत स्टील किंवा अॅल्युमिनियमसारखा चटका बसत नाही, तेवढं श्रेय द्यायला हवं.

ह्याउलट फ्रान्समधला ओपिनेल बघा. साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये करायला घेतलेला, बीचच्या लाकडाची गोल मूठ, 1955 पासून गळ्याशी एक फिरणारी कडी, ती फिरवली की पातं लॉक, संपला विषय. आपल्याकडच्या हिशोबानेसुद्धा तो फार महाग नाही आणि अर्धा तास काहीही तासत बसा, हात तक्रार करत नाही. फक्त ओल लागली की लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं, आपल्याकडे पावसाळ्यात दारं चौकटीत धरतात ना, अगदी तस्संच. मग मुठीचं बूड टेबलावर आपटायचं, की पातं थोडं बाहेर येतं. कोकणात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर ही आपटाआपटी गृहीत धरावी.

दुसरी निंदा माझी नाही, आईची आहे. तिने माझा चाकू घेऊन गाजर कापायला घेतलं, अर्ध्यात गाजर कट्कन फुटलं, आणि ती म्हणाली, "अरे हा कापत नाहीये, फोडतोय, लाकडं फोड ह्याने." आणि शंभर टक्के बरोबर आहे तिचं! धार दाढीच्या ब्लेडसारखी होती, हातावरचे केस जात होते, पण पात्याची पाठ तीन मिलिमीटर जाड, तो भाग आत शिरला की पाचरीचं काम करतो. विळीचं पातं पातळ असतं म्हणून ती जेमतेम धारेवरसुद्धा कांदा सुरेख चिरते. लोक स्टीलच्या नावावर रात्र-रात्र वाद घालतात आणि जाडीबद्दल कोणी बोलत नाही.

मग पैसे कशाचे? माझ्या मते हा चाकू पूर्ण खोलता येतो आणि पुन्हा जसाच्या तसा जुळवता येतो, त्याचे. स्वस्त चाकूचा पिव्हटचा, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या आसाचा, स्क्रू जरा आवळला की पातं जाम, जरा सैल केला की पातं लडबडतं, तो अर्धा आटा शोधण्यात रविवार जातो. सेबेन्झासारख्यात पिव्हटभोवती एक बुशिंग, म्हणजे धातूची छोटी नळी, असतं, त्याची लांबी इतकी नेमकी घासलेली असते की स्क्रू पूर्ण गच्च आवळा, पातं तरी सहज फिरतं. त्यामुळे खोलायची भीतीच राहत नाही. आत काय निघतं तर खिशातला निळा कापूस, थोडी रेती, आणि एकदा शेंगदाण्याचं टरफल निघालं होतं, ते कसं गेलं मला अजून कळलेलं नाही. फॉस्फर ब्राँझचे वॉशर पुसायचे, ग्रीसचा अगदी पातळ हात, जास्त लावलं की तेच धूळ धरून ठेवतं. मुंबईच्या हवेत पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

झीज मात्र होतेच. मुठीवर किल्ल्यांचे ओरखडे येतात ते सोडा, खरी झीज लॉकच्या टोकाला. टायटॅनियम हे पात्याच्या कडक स्टीलपुढे मऊ, ते घासलं जातं आणि कधीकधी स्टीलला चिकटूनच बसतं, मग चाकू मिटताना अंगठ्याने जोर काढावा लागतो. त्यावर पेन्सिलचं शिसं घासायचा जुना उपाय आहे आणि तो चालतो. सेबेन्झाच्या नव्या 31 मॉडेलमध्ये त्या जागी सिरॅमिकचा छोटा गोळाच बसवलाय.

धारेचं वेगळंच प्रकरण. अशा चाकूंच्या पात्याचं स्टील, उदाहरणार्थ 2001 च्या सुमारास आलेलं एस-30-व्ही (त्यात ह्याच रीवचा सल्ला होता), त्यात चार टक्के व्हॅनेडियम हा धातू असतं, आणि त्याचे कार्बनशी जुळून झालेले कार्बाइडचे कण नेहमीच्या धारेच्या दगडापेक्षा कडक. म्हणून धार टिकते खूप, पण गेली की साध्या दगडावर परत आणणं फार जिकिरीचं, तुम्ही घासताय घासताय आणि दगडच झिजतोय. डायमंडची प्लेट बरी. धारेच्या उतारावर मार्कर पेनने काळं करायचं, दोन हात मारायचे आणि शाई कुठली गेली बघायचं, कोन चुकतोय का ते लगेच कळतं. घासताना कडेवर उठणारी धातूची बारीक किनार, म्हणजे बर, एका बाजूची दुसऱ्या बाजूला वळली की शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, जसा पूर्वी न्हावी वस्तरा फिरवायचे. सायकलवाल्या धारवाल्याकडे मात्र हा चाकू देत नाही, त्याच्या हातात कसब आहे, प्रश्न चाकाचा आहे, कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेची बारीक कड तापून तिचं पाणी उतरतं.

अशा चाकूंच्या काही कंपन्या चाकू परत पाठवला तर खोलून, साफ करून, धार लावून देतात, पैसे दिले तर मूठ पुन्हा नवी दिसेल अशी करून देतात. पण पुण्यातून अमेरिकेला कुरियरने चाकू पाठवायचा म्हणजे फॉर्मवर सामानाच्या रकान्यात काय लिहायचं इथपासून सुरुवात. आणि पाठवला तरी मूठ नवी करू नका असंच सांगेन मी, क्लिपपाशी टायटॅनियम घासून गुळगुळीत झालंय, तेवढ्याच भागात आता खिसा फाटत नाही.