कुजाची बाजू

परत आलेल्या मुलांच्या फायलीत एक रकाना असतो, 'परत पाठवण्याचे कारण'. दोन-तीन ओळी मावतील एवढीच जागा. मी मुलांच्या निवासी संस्थेत समुपदेशक आहे आणि मुलाशी ओळख व्हायच्या आधी हा रकाना वाचायचं शक्यतो टाळते. त्यातली भाषा एकदा डोक्यात बसली की समोरचं मूल धड दिसत नाही. या मुलाच्या बाबतीत टाळता आलं नाही, कारण त्याच दिवशी दुपारी त्याच्यासंबंधी बैठक होती आणि माझा अहवाल त्यात जाणार होता. रकान्यात लिहिलं होतं, 'घरातील तान्ह्या बाळाच्या जीवितास धोका.'

मुलगा १४ वर्षांचा. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एका कुटुंबाने त्याला घरी नेलं होतं. सुरुवातीचं वर्ष चांगलं गेलं. मग त्या घरात बाळ जन्मलं, आणि बाळ सहा महिन्यांचं असताना हा आमच्याकडे परत आला. आल्यापासून माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा. हो, नाही, माहीत नाही. संध्याकाळी मुलांना टॅबलेट मिळायचा, तेव्हा मात्र कोपऱ्यात बसून एकच गेम खेळायचा, फायनल फँटसी नाइन.

हा गेम त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. २००० साली प्लेस्टेशनवर आला तेव्हा चार सीडींत मावला होता. २०१६ मध्ये फोन आणि टॅबलेटवर आला. मुलं जे खेळतात ते मी स्वतः खेळून बघते, तसा हाही खेळले होते. आणि खरं सांगते, एकटेपणाबद्दल आणि टाकून दिलं जाण्याच्या भीतीबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं मला फार कमी ठिकाणी सापडलंय.

त्यात विवी नावाचा एक छोटा जादूगार आहे. मोठी टोकदार टोपी, अंधारात बुडालेला चेहरा, त्यात दोन पिवळे डोळे. बोलताना अडखळतो, चालताना धडपडतो. प्रवासात तो एका खेड्यात पोचतो आणि तिथे जमिनीखाली कारखाना सापडतो. त्या कारखान्यात त्याच्यासारखेच दिसणारे जादूगार तयार होत असतात, पेट्यांत भरून पाठवले जात असतात, युद्धासाठी. पुढे मालवाहू विमानावर तो त्यांच्याशी बोलायला जातो. कोणीच उत्तर देत नाही. पण विवीवर हल्ला होतो तेव्हा तेच मुके जादूगार त्याच्यासमोर येऊन उभे राहतात आणि विमानावरून फेकले जातात. नंतर जंगलात त्याला अशाच पळून आलेल्या जादूगारांचं गाव भेटतं. त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. २८८ नंबरचा जादूगार त्याला सांगतो की आपल्यापैकी बहुतेक जण बनवल्यापासून साधारण वर्षभराने थांबतात. मरतात हा शब्द त्यांच्याकडे नाही. थांबतात.

विवीला यावर कोणी भाषण देत नाही. तू फार मौल्यवान आहेस, असं म्हणून कोणी त्याची पाठ थोपटत नाही. त्याच्यासोबत स्टायनर नावाचा एक तापट, चिलखतातला सरदार असतो. तो या पोराला पहिल्यापासून मोठ्या अदबीने 'मास्टर विवी' म्हणून हाक मारतो. आणि खेळाचा नियमच असा केलाय की स्टायनरच्या तलवारीतली जादू विवी सोबत असेल तरच चालते. विवी नसला की पर्याय करडा होऊन बसतो, वापरताच येत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्या मुलांना कौतुकाचा भरवसा नसतो. 'तू किती गुणी आहेस' असं ज्यांनी म्हटलं, त्यांनीच परत आणून सोडलेलं असतं. आपल्यावाचून कोणाचं तरी खरोखर अडतं, हे मात्र त्यांना बरोबर कळतं.

त्या दिवशी सकाळी मी टॅबलेट घेऊनच त्याला बोलावलं. वेळ नसताना टॅबलेट मिळाला म्हणून त्याने संशयाने बघितलं, पण घेतला.

"कुठवर आलास?"

"टेरा जळतंय."

"मग पुढे?"

"पुढे काय. परत पहिल्यापासून."

ही गोष्ट आमच्या काळजीवाहक ताईंनीही टिपली होती. तो दर वेळी तिथपर्यंत यायचा, टेरा नावाचं ते जग आगीत जाताना बघायचा आणि नवा डाव सुरू करायचा. उरलेला गेम त्याने कधी खेळलाच नव्हता.

मी म्हटलं, "विवीसाठी खेळतोस का?"

"विवी सगळ्यांनाच आवडतो." मग बोटाने पडद्याची कड घासत राहिला. "माझा कुजा आहे."

कुजा या गेममधला खलनायक. देखणा, गर्विष्ठ, शहरंच्या शहरं उद्ध्वस्त करणारा. टेरावर पोचल्यावर त्याचं मूळ कळतं. टेराचा राखणदार गारलंड याने त्याला युद्धं पेटवण्यासाठी तयार केलेलं असतं, आणि तेही झिदान मोठा होईपर्यंतच. झिदान म्हणजे कथेचा नायक, नंतर बनवलेला आणि जास्त चांगला. हे कुजाला माहीत असतं, पण त्याचं स्वतःचंही आयुष्य मोजकंच आहे, ते संपत आलंय, हे गारलंड त्याला अगदी शेवटी सांगतो. मी नसलो तरी जग चालू राहणार, हे त्याला सहन होत नाही. तो टेरा पेटवून देतो.

आमच्या कामात अशा वेळी फार मोह होतो. 'म्हणजे तुलाही असंच वाटतं का?' हा प्रश्न जिभेवर येतो. तो विचारला की मूल मिटतं. पात्राच्या आडून त्याला जे बोलता येत असतं, तो आडोसाच आपण काढून घेतलेला असतो. म्हणून मी कुजाबरोबरच राहायचं ठरवलं.

"समज, मी कुजाची वकील आहे. मला त्याची बाजू मांडायचीय. काय सांगू?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"सांगा, की तो आधीपासून होता. कामं सगळी त्याच्याकडून करून घेतली. आणि झिदान आल्यावर याचं काम संपलं. त्याला कोणी विचारलं का?"

"नाही विचारलं. पण समोरचे म्हणतील, झिदान लहान असताना कुजाने त्याला पळवलं, दुसऱ्या जगात टाकून दिलं."

"हो, पण मारलं नाही!" तो एवढ्या जोरात बोलला की बाहेरून कोणीतरी डोकावून गेलं. "मारता आलं असतं त्याला. त्याच्यात तेवढी ताकद होती ना, ताई. नाही मारलं. जिथे माणसं होती तिथे नेऊन ठेवलं. कोणीतरी सांभाळलंच ना मग झिदानला?"

मी काही बोलले नाही. टॅबलेटचा पडदा आपोआप बंद झाला. तो त्याने पुन्हा चालू केला नाही.

"मी बेल वाजवली होती," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. घरात बाळ आणि तो दोघेच होते, आई थोड्या वेळासाठी खाली गेली होती. त्याने बाळाला पांघरुणात गुंडाळलं, एक मजला खाली नेलं आणि शेजारच्या काकूंच्या दारात ठेवलं. बाळ नुकतंच कुशीवर वळायला लागलं होतं. वळून पायऱ्यांकडे जाईल म्हणून जिन्याच्या बाजूला स्वतःचं दप्तर आडवं लावलं. बेल वाजवली. अर्धा जिना चढून वर गेला आणि तिथे उभा राहिला. दार उघडेना म्हणून परत खाली येऊन पुन्हा वाजवली. काकूंनी बाळाला उचललेलं दिसल्यावरच वर गेला.

"का नेलंस?"

"बाळ तिकडे राहिलं असतं तर मी इकडे राहिलो असतो."

मी त्याला स्पष्ट सांगितलं की हे धोक्याचं होतं, सहा महिन्यांचं बाळ असं कोणाच्या दारात ठेवायचं नसतं, बाळाला काहीही होऊ शकलं असतं. त्याने मान हलवली. हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तर तो जिन्यात थांबला होता. मग मी विचारलं, यातलं बैठकीत काय सांगू आणि काय नको. तो विचार करून म्हणाला, "दप्तराचं सांगा. कुजाचं नको. ते हसतील."

बैठकीला सहा-सात माणसं होती. फाइल फिरली, तो रकाना मोठ्याने वाचला गेला. एकाने लगेच सांगितलं की हे सगळं गेममुळे होतं, मारामारी बघून मुलं बिघडतात. दुसऱ्यांचा प्रस्ताव होता की मुलाला 'कुटुंबात पाठवण्यास अयोग्य' असा शेरा द्यावा. १४ वर्षांच्या मुलाच्या फाइलवर हा शेरा बसला की पुढे ती फाइल कोणी उघडतही नाही. तो अठरा पूर्ण होईपर्यंत इथेच राहतो आणि मग पिशवी घेऊन बाहेर पडतो. मी असे गेलेले बघितलेत.

मी दप्तराचं सांगितलं. खोलीत कुजबुज झाली. मुलगा आता रचून सांगत नाही कशावरून, असं एकांनी विचारलं. रास्त शंका होती. मी म्हटलं, त्या काकूंना विचारू या. अधीक्षक मॅडमनी बैठक थांबवली, जुने कागद काढून नंबर शोधला आणि सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर लावला. काकूंना बेल दोनदा वाजलेली आठवत होती. पहिल्यांदा त्या आंघोळीत होत्या. दारात बाळ होतं आणि जिन्याच्या बाजूला आडवं ठेवलेलं निळं दप्तर. "दप्तर कोणाचं ते मी लगेच ओळखलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी देऊनही आले. पण मला कोणी काही विचारलंच नाही."

रकान्यातली ओळ बदलली. नवी ओळ रकान्यात मावेना, म्हणून जादा कागद जोडावा लागला. बाळाला त्याने घराबाहेर नेलं हे त्यात आहे, आणि दप्तर व दोन वेळची बेलही आहे. 'अयोग्य' हा शेरा लागला नाही. तान्हं मूल असलेल्या घरी सध्या पाठवू नये, अशी शिफारस मी स्वतःच केली. ते त्याच्याही भल्याचं होतं. आणखी एक शिफारस होती, त्याच्यावर असं काम सोपवायचं की तो नसला तर इतरांचं अडेल. संध्याकाळच्या टॅबलेटची पाळी आता तोच लावतो. भांडणं निम्म्यावर आलीत.

संध्याकाळी मी त्याला बैठकीत काय ठरलं ते सांगितलं. त्याने दोनच प्रश्न विचारले. काकू काय म्हणाल्या, आणि बाळ आता बसतं का. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते मी नंतर मिळवून दिलं. जाताना मी म्हटलं, "टेराच्या पुढे खेळून बघ ना."

"शेवटी कुजाला मारतात. त्यात काय बघायचं?"

"बघ तरी."

त्याला बरेच दिवस लागले. शेवटच्या लढाया अवघड आहेत आणि त्याला त्या कोणाच्या मदतीने जिंकायच्या नव्हत्या. तो शेवट मी त्याच्या शेजारी बसून बघितला. सगळं संपल्यावर कुजा उरलेल्या शक्तीने झिदान आणि त्याच्या सोबत्यांना सुखरूप बाहेर काढतो आणि स्वतः एका कोसळणाऱ्या प्रचंड झाडापाशी पडून राहतो. सगळे सुटलेले असतात. झिदान मात्र त्याला शोधायला परत आत जातो. कुजा म्हणतो, माझा या जगाला काही उपयोग नाही. झिदान त्याला आठवण करून देतो की आत्ताच तू आम्हाला वाचवलंस.

मुलगा चिडला. मला हे अपेक्षित नव्हतं. "झिदान गाढव आहे," तो म्हणाला. "कोणी सांगितलं होतं त्याला जायला?"

"कोणीच नाही."

"मरेल ना तो."

"हो, मरू शकतो."

"मग?"

मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे आहे ते उत्तर सांगण्यासारखं नाही, आणि त्यालाही ते नको होतं. तो पुढचे कितीतरी दिवस झिदानवर चिडलेला होता. काळजीवाहक ताईंना, स्वयंपाकाच्या मावशींना, लहान मुलांना, ज्याला त्याला हा प्रसंग सांगायचा आणि विचारायचा, तुम्ही गेला असतात का? उत्तरं एका वहीत लिहून ठेवायचा. पहिल्यापासून नवा डाव लावणं त्याने त्यानंतर सोडलं.

काही महिन्यांनी एक जोडपं त्याला भेटायला आलं. पन्नाशीचे दोघे, घरी दुसरं मूल नाही. अशा पहिल्या भेटीत आम्ही फाइल आधी देत नाही. नाव, शाळा, आवड एवढंच बोलणं होतं. तो खुर्चीवर बसला आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाला, "आधी एक सांगायचंय. मी आधीच्या घरातलं बाळ उचलून शेजारी नेऊन ठेवलं होतं." मग दप्तर, बेल, अर्धा जिना, सगळं क्रमाने सांगितलं. बाईंनी विचारलं, दुसऱ्यांदा बेल वाजवायला खाली गेलास तेव्हा बाळ रडत होतं का? तो म्हणाला, नाही, माझ्याकडे बघत होतं.

ते दोघे त्यानंतरही येत आहेत. अजून काही ठरलेलं नाही. वहीत त्यांचीही उत्तरं त्याने लिहून घेतली आहेत. नवऱ्याने 'हो' म्हटलंय, बाईंनी 'विचार करून सांगते', आणि त्याच्या मते बाईंचं उत्तर जास्त खरं आहे.