शाडूचा मेंदू: डावा अर्धगोल तयार

मंडळी, डाव्या बाजूचं मातीकाम संपलं. माती अजून ओलसर आहे, त्यामुळे फोटो रंगकाम झाल्यावरच टाकेन.

जे नव्याने हे मॉडेल करायला घेणार आहेत त्यांना एकच सांगणं आहे: वळ्या मनाला येतील तशा कोरू नका. आधी मध्यवर्ती खाच बसवा. ती माथ्यावर मधोमध नाही, किंचित मागे सुरू होते आणि पुढे झुकत खाली उतरते. कानाच्या वरच्या खोल आडव्या खाचेपर्यंत ती जवळजवळ पोहोचते, पण सहसा तिला मिळत नाही. हिच्या पुढची वळी स्नायू हलवते, मागची स्पर्श ओळखते. ही खाच पक्की झाली की कपाळामागचा खंड कुठे संपतो ते कळतं आणि बाकीच्या खंडांचा अंदाज येतो.

पुढच्या वळीत वरच्या बाजूला मागे फुगलेली एक गाठ असते. ती हाताची जागा. स्कॅनमध्ये मध्यवर्ती खाच शोधायला डॉक्टरही हीच खूण धरतात. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, म्हणजे माझ्या उजव्या हातातली कोरणी जिथून हलत होती, तीच गाठ ती घडवत होती! मी थोडा वेळ काम थांबवून नुसता बघत बसलो.

पायाची जागा बाहेरून फारशी दिसत नाही, ती आतल्या सपाट बाजूला वळते. त्या भागाला रक्त देणारी पुढची धमनी तुंबली की हातापेक्षा पाय जास्त लुळा पडतो, तो यामुळेच. म्हणून आतली बाजूही तितक्याच मनापासून कोरा.

डावी बाजू म्हटल्यावर ब्रोकाची जागा, म्हणजे शब्द उच्चारायला लावणारा भाग, हवीच. 1861 मध्ये पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याला बोलणं समजायचं, पण तोंडातून ‘तां’ एवढंच निघायचं. कपाळामागच्या खंडाच्या खालच्या वळीचा मागचा भाग तेवढा गेरूने रंगवणार आहे.

लहान मेंदूच्या बारीक आडव्या रेघांना कोरणी जाड पडते, फणी ओली करून ओढा. वजनाने हा जेमतेम दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या सुमारे 8600 कोटी चेतापेशींपैकी अंदाजे 6900 कोटी इथेच आहेत. तोल आणि हालचालींचा मेळ तो सांभाळतो.

मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ, वेगळा घडवून सळीवर बसवला. श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारी लंबमज्जा त्याच्या तळाशी येते.

आता उजवी बाजू. तिथे कानाजवळचा खंड उघडता ठेवून आतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला मदत करणारा भाग, दाखवायचा आहे. त्या वळणदार पट्टीसाठी माती किती घट्ट मळावी, कुणी केलं असेल तर सांगा.