डिस्क, ड्राइव्ह आणि एक बोटाचा ठसा
आज अख्खा दिवस विकत घेतलेल्या ब्लू-रे डिस्क रिप करण्यात (म्हणजे त्यावरचे पिक्चर कॉम्प्युटरवर उतरवून घेण्यात) गेला, टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर सगळे पिक्चर एका क्लिकवर लागावेत एवढीच हौस. रिप करायचं सॉफ्टवेअर मेकएमकेव्ही काही कॉम्प्रेस करत नाही, जसंच्या तसं काढून देतं, म्हणजे एकेका पिक्चरला ३०-३५ जीबी! हँडब्रेक या फाइल लहान करायच्या सॉफ्टवेअरने बारीक करून बघितलं तर अंधाराच्या सीनमध्ये नुसते पट्टे, शेवटी ओरिजिनलच ठेवलं.
एक डिस्क मात्र सारखी निम्म्यावर अडकायची. दोन लेयरच्या (म्हणजे डेटाचे दोन थर असलेल्या) डिस्कचा पहिला लेयर आतून बाहेर वाचतात आणि दुसरा बाहेरून आत, म्हणजे निम्म्यावर कडच की, आणि कडेला माझ्याच बोटाचा ठसा 🤦 मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसली (गोल नाही हं), लगेच चालली.
आणि तीन पिक्चरना रिप करताना सबटायटलची टिकच करायला विसरलोय.