एकोणीस हजारांचं डिझेल की मिरजेचं हाफ इंजिन

आमच्या शिडाच्या बोटीत जुनं इंजिन काढून नवं डिझेल बसवायला यार्डातल्या मेकॅनिकने कागदावर लिहून दिलेला आकडा १९,००० डॉलर. अख्खी बोट, शिडं आणि नांगर धरून, आम्ही घेतली होती ७,५०० ला. यंदाच्या हिवाळ्यात घरात जे काही बोलणं झालं ते बहुतेक या दोन आकड्यांवरच झालं.

बोट १९७६ ची पिअर्सन ३०. बिल शॉने काढलेलं डिझाइन, ऱ्होड आयलंडमधल्या पोर्ट्समथची बांधणी, लांबी तीस फुटांना दोन-अडीच इंच कमी. ती असते वेस्ट रिव्हरमध्ये, मेरीलँडमधल्या ॲनापोलिसच्या थोडं दक्षिणेला. पायऱ्यांची फळी काढली की आत दिसतं ॲटॉमिक फोर नावाचं जुनं इंजिन.

शिडाची बोट आहे ना, मग इंजिन हवं कशाला, असं मिरजेतला प्रत्येक नातेवाईक विचारतो. त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये इथे चेसापीकच्या उपसागरात यावं. सकाळी वारा नाही, दुपारी वारा नाही, आणि चार वाजता एकदम पश्चिमेकडून काळं वादळ. त्या वेळी शिडं उतरवून, इंजिन लावून जवळची खाडी गाठायची असते. इंजिन चालेल की नाही अशी शंका असेल तर मी बोट सोडतच नाही.

आता ॲटॉमिक फोरबद्दल, कारण मी या इंजिनाच्या प्रेमात आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. विस्कॉन्सिनमधल्या ओशकोशच्या युनिव्हर्सल मोटर कंपनीने ते १९४७ पासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनवलं. चाळीस हजारांहून जास्त निघाली. चार सिलिंडर, एक लिटरच्या जरा वर, पेट्रोलवर चालणारं. कागदावर ३० हॉर्सपॉवर, पण ती ३५०० आरपीएमला. आमच्यासारख्या बोटीत फेरे कमी करणारा रिडक्शन गिअर नाही, पाण्यातला पंखा (प्रोपेलर) थेट शाफ्टवर, त्यामुळे इंजिन दोन हजारांच्या आसपासच फिरतं आणि मिळते त्याच्या निम्मी ताकद. तेवढी पुरते. आमची पाण्यालगतची लांबी २५ फूट, म्हणजे वेगाची हद्द सुमारे ६.७ नॉट. त्यापुढे कितीही ताकद घाला, बोट फक्त मोठी लाट उठवते.

गेल्या मोसमाच्या शेवटी दोन गोष्टी झाल्या. तापमानाचा काटा चढायला लागला, आणि डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसलं. तेलात पाणी. मेकॅनिकने वाकून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, आता डिझेल घाला. त्याच्यावर माझा राग नाही. जुनं इंजिन त्याने बांधलं आणि जूनमध्ये ते भर खाडीत बंद पडलं तर शिव्या त्यालाच बसणार; नव्या इंजिनाला कंपनीची वॉरंटी असते. पण त्याने प्लग काढून कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती धरतो, तेसुद्धा बघितलं नव्हतं, आणि तेवढं मला चालत नाही.

मिरजेला अण्णांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. शेतीपंपाची डिझेल इंजिनं, ट्रॅक्टर, कधी एखादी जीप. माझं लहानपण रॉकेलच्या ट्रेमध्ये बोल्ट धुण्यात गेलं. अण्णांच्या दुकानात ‘इंजिन बदला’ हे वाक्य कधी ऐकलं नाही. हाफ इंजिन किंवा फुल इंजिन, एवढेच दोन निकाल. हाफ म्हणजे हेड उतरवायचं, व्हॉल्व्ह बसवायचे, रिंगा बदलायच्या, क्रँकला हात नाही. फुल म्हणजे बोअर मारून, क्रँक ग्राइंड करून सगळं नव्याने बांधायचं.

त्यांना व्हिडिओ कॉल लावला. फोन इंजिनावर धरला.

“व्हॉल्व्ह ब्लॉकातच आहेत काय गं? मग हे जुन्या विलीज जीपसारखं. हेड म्हणजे नुसतं झाकण.”

“हो. मेकॅनिक म्हणतोय, गेलं.”

“कशावरनं म्हणतोय? उघडलं काय त्यानं?”

“नाही.”

“मग तू उघडून बघ की.”

आधी कंप्रेशन. चार सिलिंडर, आकडे असे: ९५, १००, ५५, ९५ पीएसआय. तीन ठणठणीत, एक आजारी. मग तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून परत मोजलं. तेलाने आकडा वर गेला तर रिंगा गेल्या. तेल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. आकडा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. आकडा हलला नाही. इतक्या साध्या तपासणीवर १९,००० मधला केवढा भाग अवलंबून असतो, याचं मला अजून नवल वाटतं.

या इंजिनात व्हॉल्व्ह अडकणं नेहमीचं आहे, आणि त्याचं कारण इंजिनाच्या बाहेर असतं. थंड करायला घेतलेलं पाणी शेवटी एक्झॉस्टमध्ये सोडलेलं असतं आणि ते मफलरमध्ये साठतं. इंजिन सुरू होत नसताना स्टार्टर मारत राहिलं तर पंप पाणी टाकत राहतो, पण ते बाहेर ढकलायला धूर नसतो. मफलर भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये येतं. म्हणून दोनतीनदा सुरू झालं नाही तर आधी पाण्याचा कॉक बंद करायचा, आणि इंजिन पेटलं की लगेच उघडायचा. आधीच्या मालकाने हे कधीतरी केलं नसावं. हेड उतरवल्यावर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा, गंजाने जागीच धरलेला.

हेड उतरवणं हे एका वाक्याचं काम नाही. हेड धरून ठेवणारे, खाऱ्या पाण्यात जन्म काढलेले स्टड. अण्णांनी सांगितलं, टॉर्चने तापव आणि मेणबत्ती टेकव. वितळलेलं मेण आट्यांत शिरतं. इथले जुने बोटवालेही अगदी हेच करतात, हे मला नंतर कळलं. तरी दोन मोडलेच.

पण व्हॉल्व्ह हा खरा प्रश्न नव्हता. व्हॉल्व्ह बदलता येतात, रिंगा बदलता येतात, मॅनिफोल्ड नवा मिळतो. बदलता येत नाही तो ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड. हे इंजिन नदीचं मचूळ पाणी थेट बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पोटात फिरवतं. म्हणूनच थर्मोस्टॅट ६० अंश सेल्सिअसच्या आसपासचा ठेवतात. त्यापेक्षा फार गरम केलं तर मीठ आत जमून बसतं. आणि इतकी वर्षं ते पाणी बीड खात असतं. दुधाळ तेल पंपाच्या सीलमुळे असेल, एक्झॉस्टमधून उलट आलेल्या पाण्यामुळे असेल, तर ठीक. ब्लॉकला भोक पडलं असेल तर गोष्ट संपली. बांधायचं की बदलायचं हा निर्णय इथे होतो, आणि बहुतेक लोक इथपर्यंत बघतच नाहीत.

ब्लॉकच्या अंगाला, अल्टरनेटरच्या मागे, एक चपटी प्लेट असते. ती काढली की पाण्याची वाट उघडी पडते. आत गंजाची आणि मिठाची खपली इतकी, की जुन्या चमच्याने खरवडून काढली. तापमान का चढत होतं ते कळलं.

आता माझा स्वतःचा धंदा कामाला आला. मी प्रेशर व्हेसल आणि पाइपलाइनच्या तपासणीचं काम करते. भिंतीची जाडी अल्ट्रासाउंडने मोजणं हे माझं रोजचं. साहेबांना विचारून गेज घरी आणला. (कारण सांगितल्यावर साहेब हसले. त्यांच्याकडेही बोट आहे.) कोणाला करायचं असेल तर एक सूचना: गेज पोलादावर सेट केलेला असतो, आणि बिडात आवाज पोलादापेक्षा बराच हळू जातो. तसंच मोजलं तर भिंत आहे त्यापेक्षा जाड दिसते आणि माणूस खूश होऊन घरी जातो. एखादा मोडका बिडाचा तुकडा घेऊन, कॅलिपरने मोजून, त्यावर आधी सेट करायचं.

सगळ्यात पातळ जागी चार मिलिमीटरच्या वर भरलं. नंतर हवेचा दाब देऊन, साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा नाही. नवऱ्याचा चेहरा पडला. त्याला डिझेल घालायचं होतं, म्हणून दोनच मिलिमीटर हवे होते.

त्याची बाजू सांगायला हवी, कारण ती कमकुवत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गळली तर ती बोटीच्या तळाशी जाऊन बसते आणि एका ठिणगीची वाट बघते. डिझेलला हा धोका जवळपास नाही. इथले नियम म्हणूनच सांगतात की पेट्रोल इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे तळाची हवा बाहेर फेकणारा फॅन, चार मिनिटं चालवा. चार मिनिटं ही किनाऱ्यावर बसून वाचायला सोपी गोष्ट आहे. वादळ येताना ती फार लांब वाटतात. शिवाय इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. ते जुने रबरी पाइप कुजवतं आणि उभ्या टाकीत पाणी ओढून घेतं.

आणि डिझेलही काही ऐरंगैरं नव्हतं. बीटा मरीनचं, म्हणजे मूळ इंजिन कुबोटाचं, २० हॉर्सपॉवरचं, रिडक्शन गिअरसकट. अण्णांना नाव सांगितलं तर ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, “कुबोटा असेल तर नाव ठेवायला जागा नाही.” माझाच साक्षीदार फुटला. गंमत अशी की खुद्द युनिव्हर्सलनेही शेवटी कुबोटाच्याच ब्लॉकवर आपली डिझेल इंजिनं बनवली.

पण १९,००० मधलं इंजिन जेमतेम निम्मं. उरलेलं सगळं आजूबाजूचं: डिझेलची टाकी, टाकीकडे परत जाणारी लाइन, नवा एक्झॉस्ट, कपलिंग, नवा पंखा, पॅनेल, वायरिंग, मजुरी. आणि एवढं करून बोट विकायला काढली तर माझ्या अंदाजाने चौदा हजारही कोणी देणार नाही. इंजिनात घातलेला पैसा परत येत नाही. तो फक्त वापरून फिटतो. आम्ही वर्षाला पन्नाससाठ तास इंजिन लावतो. ऱ्होड रिव्हर, सेंट मायकल्स, फार तर इथलंच ऑक्सफर्ड. बहामाला जायचं असतं, रात्रंदिवस इंजिनावर चालायचं असतं, तर मी वाद न घालता डिझेल घातलं असतं.

इलेक्ट्रिकचाही विचार झाला, मुलाच्या आग्रहाने. १० किलोवॉट-अवरची बॅटरी, आणि चारेक नॉटने जायला तीन किलोवॉट धरले तर तीन तास. धक्क्यापासून निघायला उत्तम. ईस्टर्न बेमध्ये वारा पडला तर त्यानंतर वाट बघायची.

एक गोष्ट मात्र निर्णायक ठरली, ती म्हणजे सुटे भाग. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या बऱ्याच इंजिनांचे गॅस्केट शोधत फिरावं लागतं. ॲटॉमिक फोरचं तसं नाही. मोयर मरीनसारखे लोक फक्त याच इंजिनावर जगतात. व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड, पाण्याचा पंप, पॉइंट काढून लावायचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सगळं नवं मिळतं. हे भाग मिळत नसते तर ब्लॉक कितीही जाड भरला असता तरी मी हरले असते.

तर ठरलं हाफ इंजिन. ब्लॉक बॉल्टिमोरजवळच्या एका मशीन शॉपमध्ये गेलाय; व्हॉल्व्हच्या सीट कापून, मोडलेले स्टड काढून मिळतील. क्रँकला हात नाही. रिंगा नव्या घालतेय, कारण इतकं उघडल्यावर जुन्या परत बसवल्या तर अण्णा बोलणार नाहीत माझ्याशी. मॅनिफोल्ड नवा, पंप नवा. आणि सोबत हीट एक्स्चेंजर, म्हणजे यापुढे ब्लॉकमध्ये कूलंट फिरेल आणि नदीचं पाणी बाहेरच्या बाहेर जाईल. सगळं मिळून तीन हजारांच्या आसपास, माझी मजुरी सोडून.

नवऱ्याने सही करायच्या आधी अटी घातल्या: पेट्रोलचे सगळे पाइप नवे, वाफेचा डिटेक्टर, ब्लोअर नवा, आणि ब्लोअर चार मिनिटं चालल्याशिवाय चावी त्याच्याच खिशात. सगळ्या मान्य केल्या. टाकीवरून अजून भांडण चालू आहे. त्याला नवी हवी आहे, मी म्हणते आधी दाब देऊन जुनी तपासू. बहुधा नवीच येईल. तो खर्च वरच्या तीन हजारांत धरलेला नाही.