न दाबलेली रिंग

पहाटे साडेपाचला फोन वाजला की नळकाम करणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. "पॅसेजमधल्या दिव्यातून पाणी गळतंय," काका म्हणाले. आवाजात घाबरण्यापेक्षा राग जास्त होता. त्या घराची सगळी पाइपलाइन आठ महिन्यांपूर्वी मीच बदलली होती.

"आधी त्या दिव्याचा एमसीबी पाडा. मग ओट्याखालच्या मॅनिफोल्डवरचा मागच्या बाथरूमचा कॉक बंद करा. बाकीच्या नळांना पाणी राहील." मॅनिफोल्ड म्हणजे पाणी वाटणारी मुख्य नळी; तिथून प्रत्येक नळाला स्वतंत्र पाइप नेला की निदान एवढी तरी सोय होते.

गाडीवर जाताना डोक्यात एकच चक्र. पेक्स, म्हणजे वळणारा प्लॅस्टिकचा पाइप, टाकायला काकांना मीच भरीस पाडलं होतं. जुन्या लोखंडी पाइपचा कापलेला तुकडा मी त्यांना दाखवला होता, आत गंज इतका की पेन्सिल जाईना. तरी त्यांचं एकच पालुपद, "प्लॅस्टिक ते शेवटी प्लॅस्टिकच." मग मी समजावलं, हे पॉलिथिलीनच, पण त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात, म्हणून गरम पाण्याने ते ढिलं पडत नाही. ८२ अंशांच्या पाण्यालाही सुमारे ७ बार दाब सोसतं. शिवाय गुंडाळीत येतं, वळतं. १६ मिमीच्या पाइपला साधारण १३ सेंटिमीटरची गोलाई दिली की कोपऱ्यात एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लागत नाही. जोड कमी म्हणजे गळती कमी, हे तर मी तोंडपाठ म्हटल्यासारखं सांगितलं होतं.

आणि तरी त्या छतात एक जोड होता. मला आठवत होता तो.

शेवटची लाइन टाकताना एक गुंडाळी संपत आली होती. मागच्या बाथरूमपर्यंत ११ मीटर हवे होते, हातात ७ मीटरचा तुकडा उरलेला. नवी गुंडाळी फोडून सलग ११ मीटर काढायचे की ७ आणि ४ जोडायचे? तुकडा वाया जाईल म्हणून मी पितळी कपलिंग घातलं: दोन्ही टोकं त्याच्या वळ्यांवर चढवायची आणि वरून तांब्याची रिंग दाबून आवळायची. त्या वेळी तो शहाणपणा वाटला होता.

फॉल्स सीलिंगचा फुगलेला बोर्ड कापला तेव्हा आधी डोक्यावर ओंजळभर पाणी आलं, मग पाइप दिसला. कपलिंगच्या एका बाजूची तांब्याची रिंग जागेवर होती, तिच्यावर क्रिंपिंग टूलच्या, म्हणजे रिंग दाबायच्या पकडीच्या, जबड्याच्या खुणा. दुसऱ्या बाजूचा पाइप मागे सरकून कपलिंगच्या शेवटच्या वळीवर कसाबसा टेकलेला. तिथली रिंग बोटाने फिरवली तर गोल फिरली. गुळगुळीत होती. एकही खूण नाही. पाइप किती आत जायला हवा त्याची मी मारलेली काळी रेघ बोटभर मागे दिसत होती.

म्हणजे रिंग घातली, पाइप बसवला, आणि दाबायचंच राहिलं. मधे कुणाचा फोन आला, की पोराने शिडी हलवली, देव जाणे.

पण मग टेस्टिंगला कसं टिकलं? कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन पंप रात्रभर लावून ठेवला होता, काटा हलला नव्हता. कपलिंगच्या वळ्यांवर पाइप मुळातच घट्ट बसतो, रिंग न दाबताही कधीकधी बरेच दिवस दगा देत नाही. वाईट तेच आहे. टेस्टिंगलाच सुटला असता तर छत बंद व्हायच्या आधी सापडला असता.

थंडीतच का सुटला, ते क्लॅम्प बघितल्यावर कळलं. लाइन टाकली तेव्हा भर उन्हाळा होता, गच्चीखालचं छत तापलेलं. दिसायला नीट दिसावी म्हणून मी ती वीणेच्या तारेसारखी ताणून, दोन्ही टोकांना आवळून बसवली होती. पेक्स गारठ्यात चांगलंच आखडतं. १० मीटर लांबीला २५ अंशांच्या फरकाने ४ सेंटिमीटरच्या आसपास. पाइपला ढील नव्हती, मग त्याने जिथून मिळाली तिथून घेतली.

खाली काका टॉर्च धरून उभे. काकूंनी पॅसेजभर जुन्या चादरी अंथरल्या होत्या. "पाइप फाटला ना? मी म्हणत होतो, प्लॅस्टिक आहे म्हणून," काका म्हणाले.

खरं सांगतो, क्षणभर मोह झाला. हो, माल खराब निघाला म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? वर चढून बघणारा मी एकटाच. पण ती रिंग हातात होती, आणि हो म्हटलं तर पुढच्या प्रत्येक घरात मला हेच वाक्य ऐकवलं गेलं असतं.

"पाइपला काही झालेलं नाही काका. ही रिंग मी दाबलीच नाही." दोन्ही रिंगा त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून आधी खुणांची बघितली, मग गुळगुळीत. बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "चहा ठेवते," आणि आत गेल्या.

ती अख्खी लाइन मी उतरवली. नवी गुंडाळी फोडून ११ मीटरच्या जागी जरा जास्तच पाइप घेतला, एकसंध, आणि नागमोडी सोडला. क्लॅम्प असे की पाइप आत सरकू शकेल. दिसायला गबाळी दिसते. बोर्डाचा, रंगाचा खर्च माझा, हे काकांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

बोर्ड लावायला घेणार तोच काका म्हणाले, "थांबा. बाकीच्या रिंगांचं काय?"

बरोबर होतं त्यांचं. खिशातून रिंग नीट दाबली का ते मोजायचं गेज काढलं. त्याची एक खाच रिंगवर बसली पाहिजे, दुसरी बसता कामा नये. दोन्ही बसल्या तर रिंग जास्त दाबलेली, एकही बसली नाही तर कमी. मॅनिफोल्डपासून सुरुवात केली. ओट्याखाली, बेसिनमागे, गिझरच्या तांब्याच्या तुकड्यापाशी, गुडघे टेकत, आरशाने बघत. काका टॉर्च धरून मागे, प्रत्येक रिंगला मोठ्याने आकडा म्हणत होते. १४व्या रिंगला दुसरी खाचही बसली. ती कापून नवी घातली.

शेवटची टेरेसच्या नळाची. "तेवीस," काका म्हणाले.

माझ्या वहीतही तेवीसच होत्या.