शिळं पाणी

आज दुपारी स्वयंपाकघरातला नळ आधी फुस्स झाला, दोनदा खोकला आणि मग पाणी आलं. सोसायटीची टाकी धुवायला काढली होती, एवढंच. पण तो आवाज ऐकला आणि हातातलं काम टाकून मी पातेलं शोधायला धावलो.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेकाठी. नळ नव्हता तेव्हा आई घाटावरून पाणी आणायची. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. पावसाळ्यात त्या पाण्याला चहाचा रंग. माठात तुरटी पाच-सहा वेळा फिरवायची आणि रात्रभर माठाला कुणी धक्का लावायचा नाही. सकाळी तळाशी बोटभर गाळ.

मग नळ आला. आईची मान दुखायची थांबली. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, मात्र सढळ हातानं टाकायचा. पुढं पुण्यात पहिल्यांदा जलतरण तलावावर गेलो, तर नाकाला थेट घरच्या चहाचा वास!

नळ रोज तासभर यायचा, आणि रोज सकाळी आई कालचं भरलेलं पाणी जास्वंदीला ओतून नवं भरायची.

"अगं, तीच नदी, तीच टाकी."

"असंना. शिळं झालं."

जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटर धरलेत. त्यातले किती जास्वंदीचे, हे कुणी आईला विचारलेलं नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावाला वेढा पडला, वीज गेली, नदीतून पाणी उचलणारी जॅकवेल बुडाली, नळ कोरडा. आईनं आदल्या दिवशीच हंडे, कळशा, पिंप, अगदी कुकरसुद्धा भरून माळ्यावर चढवला होता. चार दिवस आम्ही सहा माणसं ते पाणी वाटीनं प्यायलो. खिडकीखालून नदी वाहत होती. तिच्यात फुगलेली जनावरं होती, कुणाच्या तरी गोठ्यातली. खिडकी लावून घेतली. त्या चार दिवसांत आईच्या तोंडून 'शिळं' हा शब्द निघाला नाही.

पाचव्या दिवशी बोट आली. पूर ओसरल्यावर घरी परतलो, तर माळ्यावर अर्धी कळशी तशीच होती. आई ती घेऊन चिखलातून अंगणात गेली. "शिळं झालं," म्हणाली आणि जास्वंदीला ओतली.

जास्वंद तिथं नव्हती.